गच्चीवरचे नमुने

"मी आहे ना" हे वाक्य बोलायचं असतं, पाळायचं नसतं. कोणाच्या घरी आजारपण निघालं, कोणाचं सामान हलवायचं निघालं, की आपण खुर्चीतून अर्धवट उठत म्हणायचं, "अजिबात काळजी करू नका, मी आहे ना!" समोरच्याने म्हणायचं, "तुम्ही आहात म्हणून तर धीर आहे." एवढं झालं की दोन्ही पक्षांनी चहा घ्यावा आणि विषय बदलावा. सुसंस्कृत माणसांचं जग या एका वाक्यावर चाललेलं आहे.

माझ्या सुनेला हे कोणी सांगितलं नसावं. घोट्याला प्लास्टर घालून ती दवाखान्यातून घरी आली, सोफ्यावर पाय पसरून बसली आणि रडवेली होऊन म्हणाली, "अहो आई, माझा प्रोजेक्ट गेला हो."

मी सवयीने म्हणाले, "असा कसा जाईल? मी आहे ना."

तिने डोळे पुसले. "खरंच? मग उद्या सकाळी उजाडता उजाडता गच्चीवर जाल तुम्ही?"

आता तो प्रोजेक्ट काय होता ते सांगायला हवं, आणि सांगताना माझी जी पंचाईत होते ती ऐकणाऱ्याने समजून घ्यावी. सूनबाईंनी तिशी उलटल्यावर विमा कंपनीतली चांगली नोकरी सोडली आणि विद्यापीठात परिसंस्थाशास्त्र आणि संवर्धन या विषयाला नाव घातलं. मला वाटलं, झाडे लावा, पाणी वाचवा, असं काहीतरी असेल. शाळेत आम्ही फळ्यावर लिहायचो तसं. पहिलं वर्ष तसं निभलंही. ती कुठल्याशा तळ्यावर जाई, चिखलाने माखून येई आणि मी बाथरूमच्या दारात फडकं घेऊन उभी राही. दुसऱ्या वर्षी प्रबंध आला, आणि प्रबंधाच्या पावलांनी आमच्या घरात उदमांजर आलं.

उदमांजर म्हणजे मांजराएवढं, टोकदार तोंडाचं, लांबलचक शेपटीचं, रात्री हिंडणारं जनावर. इमारतीत कोणीही ते पाहिलेलं नव्हतं. पण ते आहे, याबद्दल कोणाला शंकाही नव्हती. इमारतीमागच्या जांभळाची एक फांदी गच्चीच्या कठड्याला टेकलेली आहे. त्या फांदीवरून ते येतं, आदल्या रात्री पोटभर जांभळं खाल्लेली असतात, आणि मग कठड्यावर बसून... असो. माणसं ज्यासाठी दार लावून घेतात ते काम ते उघड्यावर, उंचावर आणि ठरलेल्या जागीच करतं. त्यात जांभळाच्या बिया अख्ख्या असतात. उदमांजराच्या पोटातून आलेली बी जास्त चांगली रुजते की झाडावरून तोडलेल्या फळातली, हा सूनबाईंचा प्रश्न. असा प्रश्न कोणाला पडत असेल असं मला वाटलं नव्हतं. पण विद्यापीठ त्यावर पदवी देतं.

आणि मी कोण? मी शाळेत एकतीस वर्षं 'आरोग्य आणि स्वच्छता' शिकवलेली बाई. माझ्या घरात नळाची तोंडंसुद्धा रोज घासली जातात. पाहुणे चपला काढण्याआधी माझ्या चेहऱ्याकडे बघून घेतात. गच्चीवरच्या त्या जांभळ्या डागांविरुद्ध गेल्या वर्षी इमारतीच्या सभेत मीच आवाज उठवला होता, आणि त्याच गच्चीच्या जिन्यावर पाय घसरून सून पडली होती.

मुलाला फोन केला. तो कामानिमित्त परगावी असतो. तो अत्यंत उदारपणे म्हणाला, "आई, तू कर ना!" आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी शब्दकोड्यातून डोकं वर न काढता विचारलं, "'निरुपाय', चार अक्षरी?"

त्या संध्याकाळी माझं प्रशिक्षण झालं. सून प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून शिकवत होती आणि मी समोर विद्यार्थिनीसारखी बसले होते. हातमोजे घालायचे. चिमट्याने उचलायचं. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात घालायचं नाही, बुरशी येते. कागदी पाकिटात घालायचं. पाकिटावर तारीख आणि जागा पेन्सिलीने लिहायची. ताजं असेल तर चकाकतं, जुनं असेल तर भेगा पडतात. मी सगळं टिपून घेतलं, पण "ते" हा शब्द कागदावर नुसता "ते" असाच राहिला.

"आम्ही त्याला स्कॅट म्हणतो," ती म्हणाली.

इंग्रजीत काय, सगळंच धुतल्यासारखं वाटतं. माझ्या जिभेवर तो शब्द बसेना आणि मराठी शब्द सुनेसमोर तोंडातून फुटेना. शेवटी तीच म्हणाली, "आपण 'नमुना' म्हणू या का, आई?" मला हायसं वाटलं. नमुना. सरकारी, कोरडा, अब्रूदार शब्द.

दुसऱ्या दिवशी चिमटा आणायला भांड्यांच्या दुकानात गेले, कारण पहिल्या सकाळी मी स्वयंपाकघरातला नेला होता आणि परत आणायची हिंमत झाली नव्हती. दुकानदाराने विचारलं, "भाजायला हवाय की उचलायला?"

"उचलायला."

"काय उचलायला?"

मी पैसे दिले आणि निघाले.

पहिली सकाळ मात्र मी विसरणार नाही. हे राखणदार म्हणून बरोबर आले होते आणि गच्चीच्या दारातच पाठ करून उभे राहिले होते. मी नाक दाबून कठड्याशी गेले. आणि तो तिथे होता. नमुना. काळाभोर, चकचकीत, आणि बियांनी ठासून भरलेला. मी श्वास सोडला, म्हणजे घ्यावाच लागला, आणि थबकले. घाण वास येईना. जास्त पिकलेल्या फळांच्या टोपलीसारखा वास होता. मी त्याला चिमट्यात धरला, पाकिटात सरकवला, वरून घडी घातली आणि शाळेत बक्षिसांच्या प्रमाणपत्रांवर लिहायचे त्या अक्षरात तारीख लिहिली. खरं सांगते, चोरासारखा आनंद झाला.

चार-सहा दिवसांत मला त्याचा नाद लागला. सून जिना चढू शकत नव्हती, म्हणून ती खालच्या मजल्यावर दारात खुर्ची टाकून बसे आणि मी वरून ओरडून अहवाल देई. एका सकाळी मी उत्साहाने ओरडले, "अगं, आज दोन नमुने दिसले! एक चांगला गुटगुटीत आहे, दुसरा अगदीच वाळलेला, त्यात काही राम नाही!"

खाली नीट पाहिलं. जिन्यात आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आणि त्यांचे थोरले बंधू उभे होते. सेक्रेटरींचं पोट सुटलेलं आहे आणि बंधू पहिल्यापासून काटकुळे. दोघेही काही न बोलता वर आले, माझ्या हातातल्या चिमट्याकडे पाहून घेतलं आणि काही न बोलता खाली गेले.

या सेक्रेटरींना सगळे पाठीमागे 'कलमकाका' म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य नियमावलीतल्या कुठल्यातरी कलमाने सुरू होतं. त्या दिवसापासून त्यांच्या मनात माझ्याबद्दल एक कलम तयार होऊ लागलं असावं.

बाकी इमारतीनेही आपापली मतं बनवली. समोरच्या वहिनींनी मला जिन्यात गाठलं, हात हातात घेतला (हातमोजा होता, लगेच सोडला) आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, खरं सांगा. सून तुम्हाला हे करायला लावते?"

"छे हो! मी आपण होऊन करते."

"तसंच म्हणतात सगळ्या," वहिनी म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

माझा अपमान कशाने झाला असेल तर याने. करडी सासू म्हणवून घ्यायची माझी मुलाच्या लग्नापासून तयारी होती. बिचारी सासू म्हणवून घ्यायची नव्हती. मी वहिनींना घरात बोलावून सुनेसमोर बसवलं आणि सगळं समजावून सांगायला लावलं. बी, पोट, रुजवण, सगळं. वहिनींनी मान डोलावून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एक झाकणाचा डबा घेऊन दारात हजर.

"आमच्या मनीचं आहे. आत्ताचं. म्हटलं, एवढं शास्त्राचं काम चाललंय, आपलाही हातभार."

माणसाने आपुलकीने आणलेल्या वस्तूला नाही म्हणू नये असं मी मुलांना शिकवत आले. मी डबा घेतला. "आभारी आहे," म्हणाले. डबा घासून परत द्यायचा की तसाच, हा प्रश्न मात्र कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हता.

पहिली खेप जमल्यावर पाकिटं विद्यापीठात पोचवायची होती. सुनेच्या मार्गदर्शक मॅडमना बिया तपासायच्या होत्या. कुरिअरवाल्याने खोक्यात काय आहे ते ऐकून खोका माझ्याकडे बोटाने ढकलून परत दिला, म्हणून मी स्वतः बसने निघाले. खोका मांडीवर, पर्स खोक्यावर. शेजारच्या बाईंनी "मिठाई का?" विचारलं, तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं.

विद्यापीठात मॅडमपर्यंत थेट जाता येत नाही. आधी आवक विभाग. तिथे एक चाळिशीचा कारकून रजिस्टर उघडून बसला होता.

"काय आहे?"

"नमुने."

"कसले?"

"नैसर्गिक."

त्याने मान वर न करता सांगितलं, "इथे तीनच रकाने आहेत. कागदपत्रं, उपकरणं, आणि समारंभासाठी आलेले खाद्यपदार्थ. यांतलं काय?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. एका टप्प्यापर्यंत ते खाद्यपदार्थच होते.

"यांतलं काही नाही," मी म्हणाले.

"मग घेता येणार नाही."

"हे बघा, माझ्या सुनेचं वर्ष यावर आहे. रकाना नसेल तर रेघ ओढून चौथा करा. पट्टी नसेल तर मी देते."

हे मी बहुधा वर्गातल्या आवाजात बोलले, कारण त्याने दचकून वर पाहिलं, आणि त्याचे दोन्ही हात आपोआप टेबलाखाली गेले. "बाई!" तो म्हणाला. "मी तुमच्या वर्गात होतो. सातवीत." एवढा मोठा माणूस, डोक्यावर टक्कल पडायला आलेलं, आणि नखं लपवून बसला होता. खोका 'उपकरणं' या रकान्यात गेला. एक हात टेबलाखाली ठेवूनच त्याने शिक्का मारला, तो तिरका पडला.

मॅडम मात्र देवमाणूस. त्यांनी एकेक पाकीट उघडून फुलं हुंगावीत तसं हुंगलं. "किती सुंदर घेतलेत! लेबलं तर छापल्यासारखी. तुम्ही घेतले?"

"आम्ही दोघींनी," मी म्हणाले. तोवर 'आम्ही दोघी' हा शब्द मी तिच्यामाझ्याबद्दल कधी वापरला नसावा. बसमध्ये परत येताना तो दोन-तीनदा मनाशी म्हणून पाहिला.

कारण आमचं भांडण नव्हतं, पण सलगीही नव्हती. एकमेकींशी आम्ही लग्नात शेजारी बसलेल्या पाहुण्यांसारख्या बोलायचो: जेवलात का, उकडतंय का, पंखा वाढवू का. तिचं सगळं बोलणं मुलाशी, माझं सगळं बोलणं भांड्यांशी. आता मात्र सकाळी पाकिटं भरून झाली की आम्ही दोघी चहा घेत त्या जनावराच्या प्रकृतीची चर्चा करू लागलो. "काल पेरू खाल्लेला दिसतोय." "पातळ आहे हो आज जरा." "सोसला नसेल." सख्ख्या नातवाची केली नसती एवढी आम्ही त्याच्या पोटाची काळजी केली. ढगाळ हवेत नमुने वाळेनात, तेव्हा माझा ओव्हन, ज्याला मी कोणाला हात लावू देत नाही, तो मीच उघडून दिला. सून बघत राहिली. मी म्हणाले, "बघत्येस काय? किती अंशावर लावू ते सांग."

मग बाल्कनीत कुंड्या मांडल्या. एका रांगेत उदमांजराच्या बिया, दुसऱ्या रांगेत झाडावरून तोडलेल्या फळांच्या. माती सारखी, ऊन सारखं, पाणी मापाने सारखं. मी रोज दारात वहीपेन्सील घेऊन उभी. आणि चमत्कार! झाडावरच्या बिया भराभरा वर आल्या आणि आमच्या बिया, ज्यांच्यासाठी मी अब्रू पणाला लावली होती, त्या एखाददुसरी सोडली तर ढिम्म. सून रोज कुंड्यांपुढे वाकून बसे. तिला काही सुचेना. तिने मॅडमना फोन केला, त्यांनाही उलगडा होईना.

उलगडा झाला तो एका दुपारी. मी पाणी प्यायला उठले तर बाल्कनीत हे. हातात तांब्या. दुसऱ्या रांगेला पाणी घालत होते आणि त्या कुंड्यांशी हळू आवाजात काहीतरी बोलतही होते.

"अहो, काय करताय!"

ह्यांनी तांब्या पाठीमागे नेला. "अगं, सगळ्या घराचं लक्ष त्या पुढच्या रांगेकडे. ह्या बिचाऱ्यांना कोणी विचारतच नव्हतं. म्हटलं, आपण तरी."

"आणि त्या तांब्यात काय आहे?"

"पाणी," हे म्हणाले. मग खाली बघून म्हणाले, "आणि थोडं खत. बियाणांच्या दुकानात चांगलं म्हणाले."

सून आतून लंगडत आली होती. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं, आता ही ओरडणार. ओरडली असती तर मी तिची बाजू घेतली असती. पण ती ओरडली नाही. कुंड्यांजवळ खाली बसली आणि रडायला लागली. हे तांब्या घेऊन उभे होते, तो कुठे ठेवावा तेही त्यांना कळेना.

"मी सोडून देते हे, आई," ती म्हणाली. "पुन्हा सगळं पहिल्यापासून करायला जांभळं तरी राहिलीत का झाडावर? माझ्या वर्गातल्या मुली बावीस-तेवीसच्या आहेत. त्या मला ताई म्हणतात. चांगली नोकरी होती, ती सोडली. कशासाठी? मांजराची... ती गोळा करायला. तीसुद्धा तुम्हाला उचलायला लावली."

मी आयुष्यात पुष्कळ मुलांची समजूत घातली. प्रयत्नांती परमेश्वर, अपयश ही पहिली पायरी, सगळं तोंडपाठ आहे. पण तिच्याकडे पाहून त्यातलं एक अक्षर आठवलं तर शपथ. मी तिच्या शेजारी फरशीवर बसले, गुडघे कुरकुरले, आणि म्हणाले, "पाकिटं संपलीत. उद्यासाठी किती करून ठेवू?"

ती नाक ओढत म्हणाली, "दहा करा. लहान चालतील."

हे डिंक घेऊन आले. रात्रीच्या जेवणाआधी आम्ही तिघांनी बसून पाकिटं केली. ह्यांची वाकडी झाली, पण कोणी काही बोललं नाही.

संकट एकटं येत नाही असं म्हणतात. आमच्याकडे ते सूचनाफलकावर येतं. दुसऱ्याच दिवशी कलमकाकांची सूचना लागली: रविवारी गच्ची औषध घालून धुण्यात येईल, आणि प्राण्यांच्या उपद्रवास कारणीभूत असलेली जांभळाची फांदी तोडण्यात येईल. हरकती असल्यास शनिवारच्या सभेत मांडाव्यात.

फांदी गेली की उदमांजराची वाट गेली. झाडावर जांभळं शेवटचीच राहिली होती. नव्या कुंड्यांना पुरतील एवढ्या बिया जमायला आणखी दोनेक आठवडे तरी हवे होते. सूनबाईंना सभेला यायचं होतं, पण सभा तळमजल्यावर आणि प्लास्टर निघायला अजून अवकाश. मी तोंडात आलेलं वाक्य गिळलं आणि नुसती चपला घालून निघाले.

सभेत मी भाषण तयार करून नेलं होतं. 'निसर्ग आणि मानव' असं सुरू होत होतं. उठून उभी राहिले आणि सगळं विसरले.

"ती घाण नाहीये," मी म्हणाले.

मागच्या रांगेतल्यांनी माना उंचावल्या.

"मी एकतीस वर्षं मुलांना घाण म्हणजे काय ते शिकवलं. मला कळतं. ही घाण नाही. यात नुसत्या बिया असतात. मी रोज उचलते, मला माहीत आहे. याला वासही येत नाही. म्हणजे येतो, पण फळांचा येतो. हवं असेल तर आणून दाखवते."

"नको, नको!" पहिली रांग एकमुखाने म्हणाली.

कलमकाका खाकरले. "बाई, आपल्या भावना समजल्या. पण गेल्या वर्षी गच्चीवरच्या या डागांबद्दल सभेत तक्रार कोणी केली होती?"

"मी."

"गच्ची धुवावी, फांदी तोडावी, ही मागणी कोणाची?"

"माझीच."

"तिच्यावरच ही कारवाई आहे. आम्ही आपलीच मागणी मान्य केली आहे."

लोक हसले. मी शिकवलेल्या मुलांचे आईबाप त्यांत होते. बसावं असं वाटलं. तेवढ्यात वर कुठेतरी जिन्यात खडखड वाजलं. सून एकेक पायरी बसत बसत उतरली होती, आणि मधल्या मजल्याच्या वळणावर बसून ऐकत होती. प्लास्टरचा पाय कठड्यातून बाहेर आलेला दिसत होता.

"मग मी तक्रार मागे घेते," मी म्हणाले.

"तक्रार मागे घ्यायला लेखी अर्ज लागतो."

"देते."

"अर्जात कारण नमूद करावं लागतं."

मी त्यांच्याच टेबलावरचा कागद घेतला, उभ्याउभ्या लिहिलं आणि त्यांच्या हातात दिला. कलमकाकांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं: "तक्रारदार बाईंना त्या वेळी काही माहीत नव्हतं. आता थोडं कळू लागलं आहे."

हसू थांबलं. समोरच्या वहिनी उभ्या राहिल्या आणि उगाचच म्हणाल्या, "आमच्या मनीचासुद्धा पाठिंबा आहे." कलमकाकांनी कागद उलटसुलट केला. नियमाचा माणूस, कारण दिलेलं होतं, सही होती, तारीख होती. त्यांना पकडायला जागा नव्हती. "फळांचा हंगाम संपेपर्यंत कारवाई तहकूब," ते म्हणाले. पण स्वभाव कुठे जातो? दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागलीच: 'गच्चीच्या उत्तर कठड्यावर सकाळी सातपर्यंत वाळवण घालू नये. अभ्यासकार्य सुरू आहे.' खाली सही आणि शिक्का.

सभेहून वर येताना सुनेला मी आणि ह्यांनी दोन बाजूंनी धरून आणलं. दारात आल्यावर तिने माझ्या खांद्यावर थोपटलं, धूळ झटकावी तसं.

शेवटी काय झालं, ते आत्ताच सांगून टाकते. नव्या कुंड्या रुजल्या (हे बाल्कनीकडे पाठ करून बसायचे), मोजमाप झालं, प्रबंध झाला, पदवी मिळाली. आणि निष्कर्ष काय? दोन्ही रांगांत फरक आढळला नाही. मी हे ऐकलं तेव्हा चिडलेच.

"म्हणजे एवढं सगळं करून, एवढ्या आतून फिरून, फरक शून्य?"

सून हसली. "फरक नाही म्हणजे बीचं काही बिघडलंही नाही ना, आई! बी आहे तशीच राहते. ते जनावर तिला फक्त दुसऱ्या अंगणात नेऊन सोडतं. झाडाला स्वतःला कुठे जाता येतं?"

मी विळी पुढे ओढली आणि भाजी चिरत राहिले. पण ते मला पटलं.

खरं सांगायचं होतं ते वेगळंच. प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. मी नेहमीसारखी उजाडायच्या आत उठून हातमोजे शोधत होते, तर सून बूट घालून तयार. "आता मी जाते, आई. तुम्ही झोपा. किती दिवस तुमची झोपमोड."

"हो, जा ना," मी म्हणाले. "मला काय, बरंच झालं."

मी चहाचं आधण ठेवलं. सुटले म्हणून आनंद व्हायला हवा होता. आधण उकळून आटत आलं तरी मी साखर घातली नव्हती. तेवढ्यात ती दारातून पुन्हा आत आली.

"अहो आई, येता का जरा? ताजा कोणता, जुना कोणता, मला एकटीला नाही ओळखू यायचं."

ही सरळसरळ थाप होती. ओळखायचं तिनेच मला शिकवलं होतं. मी गॅस बंद करून चिमटा घेतला.

ती माझा दंड धरून एकेक पायरी जपून चढत होती. गच्चीचं दार मी हळू ढकललं, कारण त्याची कडी करकरते. आभाळ राखाडी होतं. आणि तिने माझा दंड इतका घट्ट दाबला की मी ओरडणारच होते.

कठड्यावर ते बसलं होतं. एवढे दिवस ज्याच्या पोटाची चौकशी आम्ही रोज करत होतो, ते. अंगावर धुरकट केस, डोळ्यांभोवती काजळ फासल्यासारखं, शेपटी कठड्यावरून खाली लोंबती. त्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने किंचित शेपटी उचलली, अंग आवळून घेतलं, आणि मला एकदम उमगलं की ते कुठल्या कामासाठी थांबलं आहे.

मी तोंड फिरवलं. कोणीही असो, अशा वेळी बघू नये.

सून माझ्या खांद्यात तोंड खुपसून हसत होती. आवाज येऊ नये म्हणून तिने माझ्या पदराचा बोळा तोंडात धरला होता. तिचं सगळं अंग हलत होतं आणि तिच्याबरोबर माझंही. आणि त्या हसण्यातच, श्वास पुरत नसताना, तिने माझी हनुवटी धरून चेहरा पुन्हा तिकडे वळवला आणि कानाशी कुजबुजली, "अगं आई, लाजतेस काय, बघ ना! जातंय बघ ते!"

ते फांदीवर चढलं, पानं हलली, आणि दिसेनासं झालं.

आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. ती पाकिटं काढत होती, पेन्सील शोधत होती, डोळे पुसत होती. जन्मभर लोकांच्या चुका जागच्या जागी दाखवत आलेली मी बाई, पण त्या वेळी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. सांगितलं असतं तर तिने सुधारून घेतलं असतं.